वस्तीतल्या कलावर्गासाठी फाउंडेशनचं अनुदान: कागदपत्रांपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

लहान संस्थेचा अनुदानाचा अर्ज परत आला की दोष बहुधा इंग्रजीवर ढकलला जातो. खरी अडचण अनेकदा आकड्यांत असते. प्रस्तावात १०० मुलं, बजेटमध्ये ६० मुलांपुरतं साहित्य आणि वर्ग भरतो ते समाजमंदिर २५ मुलांतच भरून जातं. असा अर्ज वाचणाऱ्याला लगेच कळतं की अर्ज लिहिणारा आणि वर्ग घेणारी ताई एकमेकांशी बोललेले नाहीत.

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतल्या वस्त्यांमध्ये चित्र, मातीकाम, नाटक, गाणं शिकवणाऱ्या संस्थांना हे मार्गदर्शन उपयोगी पडावं. सगळा भर एका गोष्टीवर आहे: आधी सत्रं मोजा. सत्र म्हणजे एका गटाचा एक वर्ग. सत्रांचा आकडा पक्का झाला की बजेट, हप्ते, अहवाल आणि मूल्यमापन त्याच्याच आधारे मांडता येतं.

आधी फाइल तयार करा

फाउंडेशनचा फॉर्म उघडण्याआधी एक फोल्डर करा आणि त्यात या गोष्टींचे स्वच्छ स्कॅन ठेवा: नोंदणी प्रमाणपत्र, ट्रस्ट डीड किंवा घटना, शेड्यूल एकचा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीतली विश्वस्तांची नावं दाखवणारा) ताजा उतारा, पॅन, १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जीची (देणगीदाराला करसवलत) पत्रं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, रद्द केलेला चेक, विश्वस्तांची यादी आणि अर्जाला मंजुरी देणारा ठराव.

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त अडतं ते शेड्यूल एकवर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. सगळे त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. तो राहून गेलेला असतो, किंवा दिलेला असतो पण मंजूर झालेला नसतो. मग अर्जावर सही करणाऱ्या अध्यक्षांचं नाव उताऱ्यात सापडत नाही आणि वारलेल्या विश्वस्तांचं नाव मात्र दिसतं. फाउंडेशनच्या वकिलाला यातून एवढंच कळतं की सही करणाऱ्याला अधिकार आहे याचा पुरावा नाही. चेंज रिपोर्ट प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच, ठरावाची प्रत आणि सध्याच्या विश्वस्तांच्या सह्यांचं पत्र आधीच जोडा. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका.

१२ए आणि ८०जीच्या बाबतीत मुदत पाहा. एप्रिल २०२१ नंतर या नोंदण्या कायमच्या राहिल्या नाहीत. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, नंतर नियमित. दोन्ही पत्रांवरच्या तारखा वेगळ्या असू शकतात, त्यामुळे दोन्ही वाचा. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज जायला हवा. अनुदानाचा काळ अठरा महिन्यांचा आणि ८०जीची मुदत आठ महिन्यांनी संपणारी असेल तर प्रश्न येणारच. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. बोलण्यात सगळे १२ए आणि ८०जीच म्हणतात, अर्जात मात्र प्रमाणपत्रावर छापलेला क्रमांक जसाच्या तसा लिहा.

पैसा कुठला, ते ओळखा

फाउंडेशन हे नाव तीन वेगवेगळ्या तिजोऱ्यांना लागतं आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिली तिजोरी जुन्या धर्मादाय न्यासांची. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. अशा न्यासांवर वर्षअखेरीस पैसे संपवण्याची कंपनीसारखी घाई नसते. ते प्रश्न जास्त विचारतात आणि वेळ घेतात, पण पटलं तर काही वर्षं सोबत राहू शकतात.

दुसरी तिजोरी कंपन्यांच्या सीएसआरची. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायचे असतात. कंपनीने स्वतःचं फाउंडेशन काढलं असलं तरी तिथून येणारे पैसे या नियमांतच बसावे लागतात. तुमच्या संस्थेला त्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक हवा. त्याआधी १२ए आणि ८०जी हवं आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवता यायला हवा.

इथे एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. सीएसआरला काय चालतं ते कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिलं आहे. शिक्षणाचा प्रसार त्यात आहे, कला आणि संस्कृतीचं जतन आहे आणि झोपडपट्टी क्षेत्राचा विकासही आहे. पण तिथे झोपडपट्टी म्हणजे सरकारने किंवा सक्षम प्राधिकरणाने कायद्याखाली तशी घोषित केलेली वस्ती. आपल्याकडे हे १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्याखाली होतं. तुमची वस्ती अघोषित असेल तर अर्ज वस्तीविकासाच्या रकान्यात टाकू नका. मुलांना शिकवत असाल तर शिक्षणाच्या रकान्यात टाका. लोककला शिकवणारे वर्ग असतील तर पारंपरिक कलांचा रकाना चालतो. एकच काम तीन रकान्यांत बसवू पाहणारा अर्ज कंपनीच्या समितीला डोईजड होतो. एकच मुख्य रकाना धरा.

दुसरा बारकावा: एक दिवसाचा महोत्सव, स्पर्धा, बक्षीस समारंभ यांचं प्रायोजकत्व सीएसआर म्हणून धरलं जात नाही. वर्षभराच्या वर्गाचा शेवट म्हणून सादरीकरण असेल तर ते प्रकल्पाचा भाग ठरतं. नुसतं स्नेहसंमेलन घेऊन कंपनीकडे जाऊ नका.

तिसरी तिजोरी परदेशी पैशांची. अमेरिकेतल्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या मराठी माणसांच्या संस्था इथल्या कामांना मदत करतात, पण परदेशी संस्थेकडून एक रुपया घ्यायचा तरी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच येतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए असलेली संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही, त्यामुळे "मोठ्या संस्थेकडून घेऊन आम्हाला द्या" हा मार्ग बंद आहे. परदेशात राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो तेव्हा ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत जपून ठेवा. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) असलेला मात्र परदेशी नागरिकच असतो. कागदावर दोघे एकाच आडनावाचे सख्खे भाऊ असले तरी नियम वेगळा.

संस्थेला तीन वर्षं झालेली नसतील तर जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काम करणं हा सरळ मार्ग आहे. करार लेखी करा आणि खर्च त्या संस्थेनेच थेट करावा असं ठरवा. एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला देणगी दिली की देणाऱ्याच्या हिशेबात त्यातले ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातात. त्यामुळे नुसते पैसे वळते करायला जुन्या संस्था तयार नसतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

कोणाचं दार वाजवायचं

शंभर ठिकाणी एकच मेल पाठवण्यापेक्षा सहा फाउंडेशन निवडा आणि प्रत्येकाचे मागच्या दोन वर्षांचे वार्षिक अहवाल वाचा. तीन गोष्टी शोधा: ते कोणत्या शहरांत देतात, एका संस्थेला साधारण किती देतात आणि संस्थेला देतात की व्यक्तीला.

बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स हे नाव कलेच्या अनुदानासाठी सगळ्यांना आठवतं. पण त्यांचा कलाशिक्षणाचा कार्यक्रम कर्नाटकातल्या सरकारी शाळांभोवती उभा आहे. गोवंडीतल्या वर्गासाठी तिथे अर्ज करून महिना वाया जाईल. बेळगाव, निपाणीकडच्या सरकारी शाळेत काम करणाऱ्याने मात्र तो कार्यक्रम जरूर पाहावा. ठिकाण आणि रक्कम जुळत नसेल तर कितीही सुंदर प्रस्ताव उपयोगाचा नाही.

कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाचा सीएसआर आराखडा बनत असतो तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान, तुमची दोन पानांची टिपणी (ती कशी लिहायची ते पुढे येतं) त्यांच्या टेबलावर असावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये "ताबडतोब पाठवा, पैसे शिल्लक आहेत" असे फोन येतात. तेव्हा मिळणारे पैसे वाईट नसतात, पण ते बहुधा एकदाच मिळतात आणि खर्चाची घाई सोबत आणतात. प्रोजेक्टर आणि स्पीकर घ्यायला ते ठीक. शिक्षकाची नेमणूक अशा पैशांवर करू नका.

सत्रांचा हिशेब

आता मुख्य काम. एक उदाहरण घेऊ: एका वस्तीतली १० ते १४ वयाची ६० मुलं, ३० जणांचे दोन गट, प्रत्येक गटाला आठवड्यातून दोन वर्ग, एक वर्ग दीड तासाचा, विषय चित्र आणि मातीकाम.

वर्षात ५२ आठवडे असले तरी ५२ आठवडे वर्ग होत नाहीत. मे महिन्यात निम्मी वस्ती गावी जाते, ते चार आठवडे वजा. गणपतीचे दोन, दिवाळीचे दोन. शाळेच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षांचे मिळून चार. उरले ४०. दोन गट, आठवड्यातून दोन वर्ग, ४० आठवडे: १६० सत्रं. एका मुलाच्या वाट्याला ८०. वस्तीत मुस्लिम कुटुंबं जास्त असतील तर रमजानचा महिना वेळापत्रकात वेगळा धरा. वर्ग बंद करण्याची गरज नसते, वेळ बदलावी लागते.

वेळ ठरवताना शाळेचं वेळापत्रक सगळे पाहतात, नळाची वेळ कोणी पाहत नाही. संध्याकाळी साडेपाचला पाणी येत असेल तर साडेपाचच्या वर्गाला मुली येणार नाहीत, कारण हंडे-कळशा भरायचं काम त्यांच्याकडे असतं. हजेरीपटावर ते मुलींच्या अनास्थेसारखं दिसतं आणि अहवालात तसं लिहिलंही जातं. गल्लीनिहाय पाण्याच्या वेळा विचारा, त्या प्रस्तावात लिहा आणि वर्गाची वेळ त्यानुसार ठेवा. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलींसाठी कोपऱ्यात एक सतरंजी आणि थोडी खेळणी ठेवली की त्यांची हजेरी टिकते. हा खर्च दीड-दोन हजारांचा असतो आणि बजेटमध्ये त्याला स्वतःची ओळ द्यावी.

जागेचं लेखी संमतिपत्र घ्या. समाजमंदिर, मंडळाचं ऑफिस, वाचनालय, महापालिकेची शाळा, काहीही असो, वार आणि वेळ लिहिलेलं पत्र हवं. तोंडी परवानगीवर चालणारा वर्ग एका लग्नाच्या हॉल-बुकिंगने बंद पडतो. पर्यायी जागाही आधीच पाहून ठेवा.

मुंबईत झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेचा प्रश्न वेगळा. पुनर्विकास सुरू झाला की वर्षाच्या मध्यात कुटुंबं संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात विखुरतात आणि १५-२० मुलं एकदम कमी होतात. हे लपवू नका. जोखमीच्या रकान्यात लिहा आणि उपाय द्या: दहा मुलांची प्रतीक्षा यादी आणि पहिल्या १० आठवड्यांपर्यंतच नवं मूल घेण्याचा नियम. त्यानंतर आलेल्या मुलाला वर्गात बसू द्या, पण मोजणीत धरू नका.

बजेट

सत्रं ठरली की प्रत्येक ओळ गुणाकाराने लिहिता येते. खालचे दर उदाहरणाचे आहेत, तुमच्या शहराचे घाला. गुणाकार मात्र असाच दाखवा.

मुख्य प्रशिक्षक, १६० सत्रं × १,२०० = १,९२,०००
वस्तीतला सहायक, १६० सत्रं × ५०० = ८०,०००
समन्वयक, अर्धवेळ, १२ महिने × १५,००० = १,८०,०००
साहित्य, ६० मुलं × १,५०० = ९०,०००
खाऊ, ६० मुलं × ८० वर्ग × २० = ९६,०००
जागा, वीज, सफाई, १२ महिने × ५,००० = ६०,०००
संग्रहालय भेटी, २ × १५,००० = ३०,०००
प्रशिक्षकांचं प्रशिक्षण, ४ दिवस × ५,००० = २०,०००
शेवटचं प्रदर्शन = ४५,०००
नोंदी आणि मूल्यमापन = ४०,०००
हिशेब आणि ऑडिट = ३०,०००

बेरीज ८,६३,०००. त्यावर संस्थेचा सर्वसाधारण खर्च १२ टक्के धरला तर १,०३,५६०. एकूण ९,६६,५६०. म्हणजे एका मुलामागे वर्षाला सुमारे १६,१०९ रुपये आणि एका मुलाच्या एका वर्गामागे सुमारे २०१ रुपये. हा शेवटचा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहा. वार्षिक १६ हजारांचा आकडा दचकवतो. दीड तासाचा वर्ग, साहित्य, खाऊ आणि देखरेख धरून २०१ रुपये हे समितीतल्या कोणालाही तपासता येतं.

साहित्याची ओळ अंदाजाने भरली की ती नोव्हेंबरमध्येच संपते. हिशेब असा: ८० पैकी ४० वर्गांत कागद लागतो असं धरलं तर ६० मुलांचे २,४०० पाव-शीट कागद. बावीस बाय तीस इंचाच्या पूर्ण शीटमधून चार निघतात, म्हणजे ६०० शीट, आणि फुकट जाणाऱ्यांसाठी दहा टक्के जास्त, ६६०. मातीकामाचे चार वर्ग आणि मुलाला दर वेळी अर्धा किलो शाडू धरली तर १२० किलो. वस्तू जपून ठेवायच्या नसतील तर माती भिजवून पुन्हा वापरता येते, पण त्यासाठी झाकणाचा मोठा पिंप आणि ठेवायला जागा लागते. ब्रश स्वस्तातले घेतले की दोन महिन्यांत केस गळतात. दोनच नंबरांचे पण बरे ब्रश घ्यावेत.

वस्तीतल्या सहायकाची ओळ कापू नका. फाउंडेशनने बजेट कमी करायला सांगितलं की बहुतेक संस्था आधी तीच कापतात. पण घरोघरी जाऊन मुलांना बोलावणारी, आई-वडिलांशी बोलणारी आणि पुढे वर्ग स्वतः चालवू शकणारी तीच व्यक्ती असते. कपात करायचीच असेल तर गट ३० चे ठेवून आठवडे ४० ऐवजी ३६ करा आणि त्या प्रमाणात मुलांना काय मिळणार नाही ते लिहून द्या.

संस्थेच्या खर्चाबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्के मर्यादा आहे खरी, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारासाठी. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्या व्याख्येत येत नाही. त्यामुळे समन्वयकाचा पगार आणि प्रकल्पाचं ऑडिट प्रकल्पाच्या ओळींतच दाखवा. काही फाउंडेशन आपल्या धोरणाने कमी टक्केवारी देतात, तो त्यांचा अधिकार. पण "कायद्याने ५ टक्केच" असं कोणी म्हटलं तर नम्रपणे नियम दाखवा.

प्रशिक्षकांच्या मानधनात टीडीएसही (देतानाच कापायचा आयकर) धरा. व्यावसायिक शुल्क एका माणसाला वर्षात ५०,००० च्या वर गेलं की १० टक्के कापावे लागतात. वरच्या उदाहरणातला मुख्य प्रशिक्षक त्यात येतो. हे त्याला नेमतानाच सांगा, नाहीतर हातात कमी रक्कम आली की वर्गात त्याचे पडसाद उमटतात.

काय बदललं ते दाखवणं

"मुलांचा आत्मविश्वास वाढेल" हे वाक्य मोजता येत नाही म्हणून कोणी पैसे नाकारत नाही, पण त्याखाली काही दिसलं नाही तर दुसऱ्या वर्षी देतही नाही. तीन गोष्टी पुरेत.

हजेरी: ६० पैकी ४८ मुलं ८० पैकी किमान ६० वर्गांना येतील, असं लिहा. शंभर टक्के हजेरीचं वचन कोणी पाळू शकत नाही, आणि तसं वचन वाचून अनुभवी माणूस हजेरीपटावरच शंका घेतो.

कामाची वही: पहिल्या महिन्यात, मध्यात आणि शेवटी प्रत्येक मुलाकडून "आमची गल्ली" हा एकच विषय काढून घ्या. चित्रामागे नाव, तारीख आणि मुलाने चित्राबद्दल सांगितलेली दोन वाक्यं त्याच्याच शब्दांत. निरीक्षण, रचना, साधनांचा वापर आणि स्वतःची कल्पना या चार निकषांवर एक ते चार गुण द्या. गुण वर्ग घेणाऱ्याने देऊ नयेत, दुसऱ्या कला शिक्षकाने द्यावेत आणि चित्रांवरच्या तारखा झाकून द्यावेत. तीन चित्रं शेजारी ठेवली की सुरुवातीचं इमारतींच्या चौकोनांचं चित्र आणि शेवटचं, दोरीवरच्या कपड्यांसह आणि मीटरच्या पेटीसह काढलेलं चित्र, यांतला फरक कोणालाही दिसतो.

शाळेशी धागा: वरच्या इयत्तांतल्या मुलांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षा आहेत. किती मुलं बसली आणि कोणती श्रेणी मिळाली हा सरळ, बाहेरून तपासता येणारा पुरावा आहे. पण सगळा वर्ग परीक्षेच्या तयारीला जुंपू नका. स्थिरचित्राचा सराव करण्यात वर्ष गेलं तर लहान मुलं गळतात.

दोन पानांची टिपणी

पूर्ण प्रस्ताव न मागता पाठवू नका. आधी दोन पानं पाठवा: वस्ती कुठली आणि तिथे मुलांसाठी आज काय नाही, तुम्ही काय करणार, किती सत्रं, किती मुलं, किती रुपये, संस्थेने याआधी काय केलं, आणि अनुदान संपल्यावर वर्गाचं काय होणार. शेवटच्या प्रश्नाला "स्वयंपूर्ण होऊ" हे उत्तर देऊ नका. ते होत नाही. दुसऱ्या वर्षी किती हिस्सा कुठून येईल ते लिहा: सहायक तयार झाल्यामुळे मुख्य प्रशिक्षकाची सत्रं १६० वरून १०० होतील, जागा मंडळ देईल, खाऊ बचत गट निम्म्या दराने देईल. एवढं लिहिलं तरी विचार केल्याचं दिसतं.

भेट आणि करार

फाउंडेशनचे लोक वस्तीत येतात तेव्हा मुलांकडून स्वागतगीत आणि पुष्पगुच्छ करू नका. चालू वर्ग दाखवा, हजेरीपट दाखवा आणि दोन आई-वडिलांशी बोलू द्या. बालसंरक्षण धोरण मराठीत छापून भिंतीवर असावं: मुलांसोबत एकटं प्रौढ माणूस न ठेवणं, तक्रार कोणाकडे करायची, आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा) कायदा, २०१२ प्रमाणे गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे ही ओळ. फोटोसाठी पालकांची लेखी संमती त्यांना वाचता येईल त्या भाषेत घ्या, मराठी, हिंदी किंवा उर्दू. संमती न देणाऱ्या मुलांची यादी फोटो काढणाऱ्याजवळ हवी.

करार वाचताना चार ठिकाणी थांबा. हप्ते कशावर अवलंबून आहेत. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत किती टक्के रक्कम न विचारता हलवता येते. दहा टक्क्यांची मुभा मागा. मुलांच्या चित्रांवर हक्क कोणाचा. कॅलेंडर किंवा जाहिरातीत वापर करायचा असेल तर वेगळी परवानगी लागेल असं घालून घ्या. आणि प्रसिद्धी: देणगीदाराचं नाव आभार म्हणून पाटीवर लावणं ठीक आहे, पण बदल्यात त्याच्या मालाची जाहिरात करून द्यायची असेल तर ते अनुदान राहत नाही आणि जीएसटीचा प्रश्न उभा राहतो.

हप्त्यांचं गणित सही करण्याआधी करा. समजा ५०, ४० आणि १० टक्के असे हप्ते आहेत. आपल्या उदाहरणात महिन्याचा खर्च सरासरी ८०,५०० च्या आसपास. पहिला हप्ता ४,८३,२८० सहा महिने पुरतो. अर्धवार्षिक अहवाल सातव्या महिन्यात दिला तर तो तपासून दुसरा हप्ता येईपर्यंत मानधन थकतं. म्हणून पाच महिन्यांचा अहवाल पाचवा महिना संपताच द्यायची मुभा करारात घ्या. शेवटचे ९६,६५६ रुपये अंतिम अहवाल आणि विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावरच येणार, म्हणजे शेवटचे पाच आठवडे संस्थेच्या गंगाजळीतून काढायचे आहेत. ती नसेल तर १० टक्क्यांचे ५ करून मागा. मागितल्याने अनुदान जात नाही.

पैसे आल्यावर

हिशेबात प्रकल्पाचं वेगळं खातं उघडा आणि प्रत्येक मूळ बिलावर प्रकल्पाच्या नावाचा शिक्का मारा. एकच बिल दोन देणगीदारांच्या हिशेबात लागणं ही सगळ्यात घातक चूक; बहुतेक वेळा ती लबाडीने होत नाही, शिक्का नसल्यामुळे होते. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, आयकराच्या हिशेबात तो खर्च धरला जात नाही. खाऊ देणाऱ्या बचत गटाला बँकेतूनच पैसे द्या आणि त्यांना पावतीपुस्तक छापून द्या.

हजेरी दर वर्गाला तिथेच मांडा. महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेला हजेरीपट एकाच पेनाचा, एकाच हाताचा आणि डाग नसलेला असतो. तपासणारा तो पाहताच ओळखतो.

दर महिन्याला तीन आकडे एका ओळीत लिहा: झालेली सत्रं, सरासरी हजेरी, झालेला खर्च. चौथ्या महिन्यात सत्रं २५ टक्के झाली आणि खर्च ४५ टक्के झाला तर लगेच कळतं. पावसात आठवडाभर वस्तीत पाणी शिरलं आणि चार वर्ग बुडाले, तर त्याच आठवड्यात फाउंडेशनला चार ओळींचा मेल करा आणि ती सत्रं कधी भरून काढणार ते सांगा. हेच सहा महिन्यांनी अहवालात वाचायला मिळालं तर विश्वास उडतो.

प्रोजेक्टर, कपाट, वाद्यं अशा टिकाऊ वस्तूंची नोंदवही ठेवा: क्रमांक, तारीख, किंमत, कुठे आहे. सीएसआरच्या पैशांतून घेतलेली भांडवली मालमत्ता सीएसआर-१ क्रमांक असलेल्या संस्थेच्या, लाभार्थी गटांच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावरच राहू शकते, कंपनीच्या नाही. देणगी मिळालेल्या आर्थिक वर्षानंतर ३१ मेपर्यंत देणगीदारांचं विवरण आयकर पोर्टलवर भरा. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं आणि देणगीदाराला प्रमाणपत्र मिळत नाही.

पुढच्या वर्षाची विनंती अंतिम अहवालासोबत पाठवू नका. नवव्या महिन्यात, प्रदर्शनाची तारीख ठरली की फाउंडेशनला निमंत्रण द्या आणि त्याच पत्रात पुढच्या वर्षाची दोन पानी टिपणी जोडा, नव्या सत्रसंख्येसह. अंतिम अहवालासोबत न वापरलेली रक्कम, त्यावरचं बँकेचं व्याज आणि सीएने सही केलेलं विनियोग प्रमाणपत्र जाऊ द्या. शिल्लक परत करायची की पुढच्या वर्षात घ्यायची, हे लेखी विचारून मगच ती खर्चाला लावा.